टेनब्रिंकसाहेब कुठल्या दारातून गेले

शुक्रवारी दुपारी पावणेदोनला बर्लिनहून साहेबांचा फोन आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. शुक्रवारी दुपारी टेनब्रिंकसाहेब कधीच फोन करत नाहीत. त्या वेळी ते घरी येणाऱ्या गाडीत बसून बायकोने बांधून दिलेला शेवटचा ब्रेड खात असतात, आणि संसदेचा आठवडा संपल्याच्या आनंदात त्यांना जगाची शुद्ध नसते.

"ओस्टहोफबाई, एक छोटीशी गडबड झालीय," ते म्हणाले.

वीस वर्षं मी या माणसाचं मतदारसंघातलं कार्यालय सांभाळते आहे. नव्वदी पूर्ण केलेल्या आजोबांची फुलं शेजारच्या आजोबांना देऊन, वर त्यांच्याकडे दोन तुकडे केक खाऊन आलेले हेच. अग्निशमन दलाच्या शंभरीला, खच्चून भरलेल्या मांडवात, पलीकडच्या गावाच्या दलाची तोंड भरून स्तुती करणारेही हेच. दर वेळी निस्तरायला मी. त्यामुळे 'छोटीशी' म्हणजे किती, ते मला पक्कं माहीत आहे. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, या वेळी कुणाचं नाव चुकलं?

"नाव नाही चुकलं. दार चुकलं."

आता हे दाराचं प्रकरण सांगायचं, तर आधी माणूस सांगायला हवा. हेरिबर्ट टेनब्रिंक मूळचे गुरांचे डॉक्टर. नॉयेनलोह आणि आजूबाजूच्या एकतीस गावांतली निम्मी गुरं त्यांच्या हाताखालून गेलेली. सतराव्या वर्षी पक्षाच्या युवक शाखेत गेले, कारण गावात टेबलटेनिसचं टेबल तेवढं तिथेच होतं. मग गावचं मंडळ, मग जिल्ह्याचं. मग जुने खासदार शिकारीला गेले असताना हृदयविकाराने वारले, आणि त्यांच्या जागी कोण, यावर पक्षातले दोन गट इतके भांडले की शेवटी कुणाचंच ज्यांच्याशी वाकडं नव्हतं त्यांना उभं केलं. ते हे. आमचा पक्ष म्हणजे चर्चची घंटा आणि डुकरांचा भाव सांभाळणारा जुन्या वळणाचा पक्ष. आमच्या भागात या पक्षाने कुंपणाच्या खांबाला उभं केलं तरी खांब बर्लिनला जाईल. साहेब सलग पाच वेळा गेले.

तिथे काय केलं? खोटं कशाला बोलू. गावाबाहेरून वळसा घालणारा सव्वादोन किलोमीटरचा रस्ता आणला, रेल्वे फाटकाच्या जागी पूल आणला. बाकी वीस वर्षं मागच्या बाकावर बसून पक्षाने हात वर कर म्हटलं की वर केला आणि खाली कर म्हटलं की खाली केला. भाषणं मी लिहायची, ती त्यांनी चष्मा शोधून वाचायची. माणूस वाईट नाही, अजिबात नाही. पण चांगल्या माणसाचा वैताग वाईट माणसापेक्षा जास्त येतो, कारण त्याच्यावर नीट ओरडताही येत नाही.

तर त्या शुक्रवारी सभागृह अर्धं रिकामं होतं. सरकारचा, म्हणजे आमचाच, विचार होता की लहान रुग्णालयांतले प्रसूतिकक्ष बंद करायचे. विरोधकांनी ठराव आणला की दोन वर्षं थांबा. त्या बंद व्हायच्या यादीत आमच्या नॉयेनलोहचा कक्षही होता. नऊ खाटांचा, पण पंचक्रोशीतलं प्रत्येक पोर तिथलंच. साहेबांनी गावात सांगून ठेवलं होतं की आपण बघू, आणि पक्षाला सांगून ठेवलं होतं की आपण ठरावाच्या विरोधात मत देऊ. हेही त्यांचं नेहमीचंच.

हात वर करून निकाल कळेना, तेव्हा अध्यक्षांनी सगळ्यांना बाहेर काढलं. अशा वेळी सगळे खासदार बाहेर जातात आणि तीन दारांतून परत आत येतात. एक दार होयचं, एक नाहीचं, एक तटस्थांचं. दारात उभा माणूस मोठ्याने आकडा मोजतो. नावं कुणी लिहून घेत नाही. या प्रकाराला आमच्याकडे मेंढ्यांची उडी म्हणतात आणि नाव ज्याने दिलं त्याला सलाम आहे.

"मग तुम्ही 'नाही'तून गेलात ना?" मी विचारलं.

तिकडे जायचंच होतं, ते म्हणाले. पण बाहेर विरोधी पक्षाच्या एक वयस्कर बाई भेटल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही हातांत कुबड्या, आणि काखेतली जाडजूड फाइल घसरत चाललेली. साहेबांनी फाइल घेतली. बाईंना माहीत होतं की हे गुरांचे डॉक्टर. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या डॅक्सहुंड कुत्र्याच्या खुब्याचं दुखणं काढलं. झालं. साहेब खुब्याबद्दल बोलत बोलत, बाईंसाठी दार उघडं धरून, त्यांच्यामागून सभ्यपणे आत गेले. दारातला माणूस म्हणाला, दोनशे चौदा. ते दार होयचं होतं.

"मग उलट्या पावली बाहेर यायचं होतं!"

"एकदा मोजल्यावर येता येत नाही, ओस्टहोफबाई. आणि फाइल माझ्याकडेच होती."

ठराव दोनशे चौदा विरुद्ध दोनशे तेरा असा मंजूर झाला. सरकार तोंडावर पडलं. आमच्या साहेबांमुळे. कुत्र्याच्या खुब्यामुळे. आणि पुढच्याच्या पुढच्या शनिवारी पक्षाच्या प्रतिनिधींची सभा होती, जिथे पुढच्या निवडणुकीला आमच्याकडून कोण उभं राहणार ते ठरायचं होतं. खरी निवडणूक तीच. तिथे पडलात की संपलात. खासदार संपला की त्याचं कार्यालय संपतं, आणि कार्यालय संपलं की मी संपते. माझं वय एकसष्ट. मला या वयात कोण ठेवून घेणार होतं?

सोमवारी मी तोंड लपवून कामावर निघाले, तर बेकरीवालीने मला थांबवलं. पैसे घेईना. म्हणाली, साहेबांना सांगा, पहिल्यांदा कुणीतरी त्या बर्लिनवाल्यांना दाखवून दिलं. मला कळेना ही काय बोलते आहे. मग स्थानिक पेपर पाहिला. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो. होयच्या दारातून येताहेत, मान ताठ, कपाळाला आठ्या, हातात फाइल. कुत्र्याच्या सांध्यांचा विचार चालला होता, पण दिसत होते सदसद्विवेकाशी झुंज देऊन आल्यासारखे. वर मथळा: नॉयेनलोहसाठी पक्षाविरुद्ध उभा राहिला.

दुपारपर्यंत कार्यालयात चार केक, एक फुलांचा गुच्छ आणि खाटकाकडून लिव्हर सॉसेज. वीस वर्षांत या माणसाला कुणी साधी जागेवरून उठून खुर्ची दिली नव्हती. रुग्णालयाची मुख्य सुईण रोसविथा कामान स्वतः आली. उंच, आडदांड बाई, हजारो बाळंतपणं केलेली, साहेबांची नातही तिच्याच हातची. ती कधी कुणाचे आभार मानत नाही. साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि मग कामावर गेली. साहेब लालेलाल झाले. मग त्यांनी केकचा तुकडा घेतला. त्या तुकड्यापासूनच मला काळजी वाटायला लागली.

मंगळवारी जिल्हाध्यक्ष नीहुस आले. हे कोट काढत नाहीत, म्हणजे काम पाच मिनिटांचं. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की माझ्याकडून अनवधानाने चुकीच्या दारातून प्रवेश झाला, पक्षाच्या भूमिकेशी मी सहमत आहे. गुरुवारपर्यंत सही करा, नीहुस म्हणाले. बर्लिनवाले म्हणतात, एवढं केलंत की कक्ष बंद करायचा कायदा आणता येईल, आणि सभेत मी माझी माणसं तुमच्यामागे उभी करतो. नाहीतर प्लागेबाई तयार आहेत. प्लागेबाई म्हणजे जिल्हा मंडळातल्या चाळिशीच्या वकीलबाई, फाइल स्वतः उचलणाऱ्या आणि दारावरची पाटी वाचणाऱ्या.

"हेरिबर्ट, वेंधळेपणा लोक विसरतात," नीहुस जाता जाता म्हणाले. "बंडखोरी बर्लिन विसरत नाही."

ते गेल्यावर साहेब पेन शोधायला लागले. मी कागद उचलून खणात टाकला आणि खण लावून घेतला. मला राग आला होता, आणि त्या रागात हिशोबही होता. प्रतिनिधी एकशे चव्वेचाळीस. नीहुसच्या खिशात साठ. पण महिला शाखा, शेतकरी आणि ज्यांच्या सुना पोटुशा आहेत ते सगळे सासरे धरले तर ऐंशी आमच्या बाजूचे. मी साहेबांना म्हटलं, तुम्ही फक्त गप्प बसा. चूक झाली म्हणू नका, बंड केलं म्हणू नका. लोक जे समजायचं ते समजलेच आहेत. आयुष्यात एकदा तुमच्या वेंधळेपणाने कुणाचं भलं केलंय, ते आता तुमच्या तोंडाने बिघडवू नका.

"पण ओस्टहोफबाई, मी मुद्दाम नव्हतो गेलो."

"ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. आणि एका कुत्र्याला."

ते हसले नाहीत. गुरुवार आला आणि गेला, सही झाली नाही. नीहुसनी त्यांच्या साठ जणांना प्लागेबाईंकडे वळवलं, तेही उघडपणे. आता आमच्याकडे उरला तो फक्त प्रसूतिकक्ष.

आणि इथे मी माझी अक्कल चालवली. आजही आठवलं की स्वतःच्या कानशिलात द्यावीशी वाटते. साहेबांच्या गप्प बसण्यावर माझा भरवसा नव्हता. मला वाटलं, सभेत कुणीतरी असा एक प्रश्न विचारावा, ज्याला एका वाक्यात उत्तर देता येईल आणि सभागृह उठून टाळ्या वाजवेल. मी रोसविथाला फोन केला, ती महिला शाखेची प्रतिनिधी होतीच. तिला म्हटलं, भाषणं झाली की उठायचं आणि विचारायचं, साहेब, त्या दारातून जाताना तुमच्या मनात कुणाचा विचार होता? साहेबांना मी उत्तर पाठ करायला दिलं: तुम्हा सगळ्यांचा. दोन शब्द. दोन शब्दही चुकणार नाहीत इतका तरी हा माणूस धड आहे, अशी माझी समजूत.

शनिवारी सकाळी दहा वाजता नेमबाजी मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमले. मागे मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप शिजत होतं, कारण आमच्याकडे सुपाशिवाय लोकशाही चालत नाही. प्लागेबाई आधी बोलल्या. छान बोलल्या, कागद न घेता. साहेब नंतर बोलले, मी लिहिलेलं, रस्ता आणि पूल आणि जन्मभूमी. एकच पान दोनदा वाचलं. तरी टाळ्या भरपूर पडल्या. मी डोक्यांवरून नजर फिरवत होते आणि आकडा जमत होता.

मग रोसविथा उठली. तिने प्रश्न विचारला, जसा सांगितला तसाच. पण विचारता विचारता तिचा आवाज भरून आला, जे मी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली की कक्षातल्या पोरींनी आशा सोडली होती, त्यांना हे ऐकायचंय.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवून दाखवले: तुम्हा सगळ्यांचा.

"एका कुत्र्याचा," ते म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं, साहेब पहिल्यांदाच काहीतरी विनोद करताहेत. साहेब हसू थांबेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कुबड्या, फाइल, खुबा, दार. मधे कुणीतरी पुन्हा हसलं आणि गप्प झालं. रोसविथा उभीच होती.

"मला नाही म्हणायला सांगितलं होतं आणि मी नाहीच म्हणणार होतो," साहेब तिला म्हणाले. "तुझा कक्ष यादीत आहे हे मला माहीत होतं. तरी मी त्याचा विचारसुद्धा केला नव्हता. गेले दहा-बारा दिवस तुम्ही मला केक देताय आणि मी खातोय. रोसविथा, तू तोंडावर विचारलंस, आता मला तुझ्याशी खोटं बोलवत नाही."

रोसविथा खाली बसली. माझ्या शेजारी विणकाम करत बसलेल्या बाईने हळूच म्हटलं की माणूस प्रामाणिक आहे. मग मतपत्रिका वाटल्या आणि तिने प्लागेबाईंच्या नावापुढे फुली मारली. मी डोळ्यांनी पाहिली. त्र्याण्णव विरुद्ध पन्नास, एक मत बाद. नीहुसनी साहेबांना हातात हात देऊन त्यांच्या वीस वर्षांच्या निष्ठेबद्दल आभार मानले. साहेबांनी प्लागेबाईंचं अभिनंदन केलं, आणि मग मला दिसलं की ते सुपाच्या रांगेत जाऊन उभे राहिले आहेत. सुपाच्या रांगेत!

बाहेर गाड्यांपाशी मी त्यांना गाठलं आणि वीस वर्षांचं सगळं काढलं. म्हटलं, इतकी वर्षं पुलाच्या उद्घाटनाला, शाळेच्या समारंभाला, शेतकऱ्यांच्या मेळाव्याला तुम्ही किती वेळा खरं गिळलंत. तेव्हा एकदाही तोंड उघडलं नाहीत. आणि आज, जेव्हा गप्प बसल्याने कक्ष वाचला असता, तुमची जागा वाचली असती, माझी भाकरी वाचली असती, तेव्हाच तुम्हाला खरं आठवलं?

"तेव्हा तुम्ही लिहून द्यायचात," ते म्हणाले. "मी वाचायचो. वाचताना मला कधी वाटलंच नाही की मी काही बोलतोय."

मी गाडीत बसून दार आपटलं. त्यांनी वाटेत दोनदा चुकीचं वळण घेतलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. त्यांचं ते बोलणं सगळ्या पेपरांत छापून आलं. खासदाराने भर सभेत सांगितलं की ठराव चुकून मंजूर झाला, मग पक्षाला आणखी काय हवं होतं? जानेवारीत सरकारने कक्ष बंद करायचा कायदाच आणला. त्यात कुठल्याच लहान रुग्णालयाला सवलत नव्हती. बेकरीवाली आता पैसे घेते आणि वर बघत नाही. रोसविथाने पन्नास किलोमीटरवरच्या शहरातली नोकरी धरली. तिने मला सांगितलं की तिचा साहेबांवर राग नाही, खरं माहीत असून तो प्रश्न तिच्या तोंडी घातला म्हणून माझ्यावर आहे. मी ऐकून घेतलं. माझाही माझ्यावरच होता.

साहेबांची मुदत सप्टेंबरपर्यंत होती, म्हणून ते दर सोमवारी नेमाने बर्लिनला जात राहिले. मी शेल्फं रिकामी करायला घेतली होती. वीस वर्षांची भाषणं, सगळी माझ्या हातची, तीन खोक्यांत मावली.

कायद्यावर मतदान झालं त्या गुरुवारी या वेळी दारं नव्हती. नावानिशी मतदान होतं. प्रत्येक खासदाराकडे स्वतःचं नाव छापलेली कार्डं असतात, निळं, लाल आणि पांढरं, ती पेटीत टाकायची. पक्षाने निळं, म्हणजे होय, सांगितलं होतं. निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सकाळी साडेअकराला फोन वाजला. मागे खूप गलका होता, ते सभागृहाच्या बाहेर उभे असावेत.

"ओस्टहोफबाई, लाल म्हणजे नाही ना?"

मला वाटलं फोन भिंतीवर मारावा. वीस वर्षं संसदेत बसलेला माणूस मला विचारतोय लाल म्हणजे काय. मी म्हणणार होते की साहेब, तुमच्या नातीलाही माहीत आहे. पण मग ते म्हणाले की त्यांना पक्कं माहीत आहे, फक्त या वेळी चूक व्हायला नको. प्रतोद पेटीपाशीच उभा आहे आणि त्यांच्याकडेच बघतो आहे, असंही ते म्हणाले.

"हो साहेब," मी म्हटलं. "लाल म्हणजे नाही."

ते म्हणाले, ठीक आहे, आणि फोन ठेवला.

कायदा एकशे चार मतांच्या फरकाने मंजूर झाला. संध्याकाळी मी नावांची यादी काढून पाहिली. आमच्या पक्षाच्या भागात ओळीने निळं निळं निळं, आणि खाली टी अक्षरापाशी एक लाल. मी बोट ठेवून नाव पुन्हा वाचलं: टेनब्रिंक. या माणसाने मला इतकं कधी वैतागवलं नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबत नव्हतं.